रात्री घरमालक कुठं झोपतो, ते आधी विचारा

प्रति,
मराठवाड्यातील ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि आठही जिल्ह्यांचं प्रशासन

विषय : राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देण्यासाठी परवान्याचे नियम

सप्रेम नमस्कार.

वेरूळच्या लेण्यांजवळच्या एका गावात मी राहते. घराच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या आहेत. लेणी पाहायला आणि घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांना त्या एक-दोन रात्रींसाठी देतो. सकाळचा नाश्ता असतो, आणि आधी सांगितलं तर रात्रीचं जेवणही. सहा वर्षं झाली. एवढ्या काळात मी करते ते काम नेमकं काय आहे, हे कुठल्याच कार्यालयात ठरलेलं नाही. कुणाच्या लेखी मी लॉज चालवते, कुणाच्या लेखी खानावळ, आणि कुणाच्या लेखी काहीच नाही. मध्यंतरी आमच्या ग्रामसभेत अशा खोल्यांना परवाना लावायचा विषय निघाला. निम्मे म्हणाले, बंदच करा. निम्मे म्हणाले, ज्याचं घर त्याचा धंदा, तुम्हाला काय करायचंय. मी उठून बोलले, पण गलक्यात नीट मांडता आलं नाही. म्हणून हे पत्र. ते एकट्या आमच्या गावासाठी नाही, कारण तुळजापूर, पैठण, औंढा, परळी, अंबाजोगाई, माहूर, नांदेड, जिथं जिथं बाहेरचा माणूस रात्रीचा मुक्काम शोधतो तिथं तिथं हाच प्रश्न आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. परवाना हवा, आणि तो नुसता कागदावर नको, खरोखर तपासला जाणारा हवा. पण ज्या घरात घरमालक स्वतः झोपतो त्या घराला एक नियम आणि ज्या घराला रात्री कुलपाच्या किल्लीशिवाय मालक नसतो त्याला दुसरा, एवढा भेद तुम्ही केला नाहीत, तर चांगली घरं बंद पडतील आणि नको ती चालू राहतील.

माझं माहेर तुळजापूरचं. आमचं घर पुजाऱ्यांचं नव्हे. पुजाऱ्यांकडे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान उतरतात, त्यांच्या वह्यांतून खापरपणजोबांची नावं निघतात. पण नवरात्रात, आणि त्याहूनही कोजागरीला, सोलापूरच्या रस्त्यानं माणसांचा असा लोंढा पायी चालत येतो की एकट्या पुजाऱ्यांच्या घरांना तो पेलवत नाही. त्यात कानडी बोलणारी माणसं असतात, तेलुगू बोलणारी असतात, हातात परडी असलेले आराधी असतात. आमच्या ढाळजेत, म्हणजे मोठ्या दाराच्या आतल्या बैठकीच्या जागेत, तेव्हा पंधरा-वीस जण सहज उतरलेले असायचे. आजी पैसे मागत नसे. जाताना माणसं देव्हाऱ्यापुढं जे ठेवतील ते. मात्र तिच्या दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. ढाळजेत परकी माणसं असली की ती आत, आपल्या खोलीत झोपायची नाही. चौकटीत घोंगडी टाकून उंबऱ्याला आडवी झोपायची. रात्री कुणाचं लेकरू रडलं, कुणाला उलटी झाली, कुणी भलत्या वेळी दार उघडलं, तर आधी तिला कळायचं. दुसरी गोष्ट पाण्याची. ओसरीवर दोन रांजण होते. ते तळाला गेले की संध्याकाळचे सहा वाजलेले असोत नाहीतर रात्रीचे दहा, दारात आलेल्याला ती म्हणायची, "पाणी सरलं माय, पुढच्या घरी विचारा." जागा असायची. पाणी नसायचं, म्हणून नाही म्हणायची.

मला वाटतं परवान्याचा अर्धा कायदा आजीच्या या दोन गोष्टींत आला.

पहिल्या गोष्टीचं मोल मला दोन वर्षांपूर्वी एका रात्री कळलं. आमच्या गावाबाहेर खुलताबादच्या रस्त्याला शेतजमिनीत एक बंगला झाला आहे. मालक दुसऱ्या शहरात असतो. आमच्यापैकी कुणीही त्याला पाहिलेलं नाही. ॲपवर फोटो आहेत, पैसे ॲपवर जातात, किल्ली दाराशेजारच्या पेटीत असते, आकडे जुळवून ती काढायची. देखरेखीला एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा, तो संध्याकाळी घरी जातो. त्या रात्री दीड वाजता आमचं दार वाजलं. बाहेर एक बाप उभा, कडेवर सात-आठ वर्षांची मुलगी, तिला दमा. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत जात होत्या. पंप मुंबईच्या घरी राहिला होता. देखरेखीच्या मुलाचा फोन बंद, मालकाचा लागेना, दवाखान्याचा रस्ता माहीत नाही. आमच्या ओट्यावरचा दिवा दिसला म्हणून ते आले. माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. मुलगी वाचली. त्या बापाला मी दोष देत नाही. त्यानं पैसे मोजून घर घेतलं होतं, घरात माणूसही असेल असं त्याला वाटलं होतं.

म्हणून अर्जाच्या पहिल्या ओळीत विचारा, की पाहुणे असतील त्या रात्री तुम्ही कुठं झोपता? त्याच घरात किंवा त्याच अंगणात, असं उत्तर आलं तर तो घरगुती निवास. दुसरं काहीही उत्तर आलं तर तो व्यवसाय, मग तो दोन खोल्यांचा असो की वीस. त्याला लॉजचे सगळे नियम लावा : रात्रपाळीचा माणूस, आगीपासून बचावाची व्यवस्था, बिनशेती परवानगी, व्यापारी दरानं वीज, सगळे.

हे माझ्या मनानं सांगत नाही. केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत घरमालक कुटुंबासह त्याच घरात राहत असला पाहिजे ही अटच आहे. खोल्या एक ते सहा, खाटा जास्तीत जास्त बारा. न्यूयॉर्क शहरानं सप्टेंबर 2023 पासून हाच मुद्दा धरून नियम कडक केले. तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचं असेल तर यजमान त्याच घरात हजर हवा आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनानं तर 2024 मध्ये जाहीर केलं, की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर राहणारच नाहीत. तिथं गावच्या लोकांना राहायला घरं उरेनात म्हणून ही वेळ आली. आपल्याकडे अजून तसं झालेलं नाही. इथं आधी संपतं ते पाणी.

पाण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. माझी मोठी बहीण तेव्हा लातुरात होती, नळाला महिनामहिना पाणी नव्हतं. आपण सगळ्यांनी ते पाहिलं आहे. तरीही गेल्या उन्हाळ्यात आमच्या पंचक्रोशीतले हातपंप कोरडे पडले असताना त्या बंगल्याचा पोहण्याचा तलाव भरलेला होता. बोअर आटलं तेव्हा टँकर येत होते. आमच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन ज्या रस्त्यानं जात, त्याच रस्त्यानं ते टँकर आत वळत. त्यात बेकायदा काय होतं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण कुणी कसला परवाना दिलाच नव्हता, तर रद्द काय करणार?

मी माझ्या घरचा हिशोब ठेवला आहे. आमची छतावरची टाकी एक हजार लिटरची. आम्ही पाच माणसं. पाहुणे नसले की ती अडीच-तीन दिवस पुरते. दोन्ही खोल्या भरलेल्या असल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी तळ दिसतो. दिवसभर लेण्यांतून उन्हातान्हात फिरून आलेला माणूस शॉवरखाली पंधरा मिनिटं उभा राहतो, हे स्वाभाविक आहे. मी शॉवर काढले, बादल्या ठेवल्या आणि खोलीत मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत पाटी लावली, की हे पाणी कुठून येतं. सहा वर्षांत एकाही पाहुण्यानं तक्रार केलेली नाही. एका बाईंनी तर जाताना सांगितलं, की ती पाटी वाचल्यावर मुलांनी दात घासताना नळ बंद केला.

तेव्हा परवान्यावर खोल्यांचा आकडा लिहिण्याआधी पाण्याचा आकडा लिहा. पाणी कुठून येतं, साठवण किती, त्यावर किती माणसं निभतील, तेवढ्याच खाटा. एखाद्या गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर सुरू झाला की त्या गावातल्या सगळ्या परवान्यांवरच्या खाटा आपोआप निम्म्या व्हाव्यात आणि पोहण्याचे तलाव त्या दिवसापासून कोरडे. यात माझंही नुकसान आहे. मे महिन्यात माझी एक खोली रिकामी राहील, ती मी राहू देईन.

आणि पाणी जातं कुठं, तेही बघा. गावात निम्म्या घरांचे शोषखड्डे पाच माणसांच्या मापानं खणलेले आहेत. नऊ दिवसांच्या जत्रेत त्यावर चाळीस माणसं बसवली की खड्डा तुंबतो आणि घाण शेजाऱ्याच्या आडात उतरते. माहेरी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. आजीच्या वेळचं तुळजापूर आता राहिलेलं नाही. आता काही घरं नवरात्रापुरती आख्खी ठेक्यानं दिली जातात. घरवाले गावाकडे जातात, ठेकेदार एका खोलीत बारा-बारा जण घालतो, जिन्याखाली गॅसची शेगडी, वर कपडे वाळत घातलेले, खाली उतरायला तेवढा एकच जिना. एखाद्या रात्री तिथं आग लागली तर काय होईल, याचा विचार करून माझी झोप उडालेली आहे. ज्यांच्या घरी हे चालतं ते माझ्या ओळखीचे लोक आहेत, वाईट नाहीत. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, एवढंच. जत्रेपुरता परवाना वेगळा काढा. नऊ दिवसांचा, पंधरा दिवसांचा, नाथषष्ठीचा, महाशिवरात्रीचा. फी नाममात्र असू द्या, पण संडास किती, जिने किती आणि माणसं किती हे तीन आकडे दारावर लावायला लावा आणि जत्रेच्या आदल्या दिवशी कुणीतरी प्रत्यक्ष येऊन मोजा.

घराच्या भिंतींबद्दलही हेच. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले. चारच्या सुमारास आजीनं आम्हा पोरांना दंडाला धरून अंगणात ओढलं. आमचं घर राहिलं. किल्लारी, सास्तूर आणि त्या पट्ट्यातली गावं राहिली नाहीत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांखाली दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आज शहरातल्या पाहुण्यांना माळवदाचं घर हवं असतं. गार असतं, फोटो छान येतात, देवळीत पणती ठेवलेली दिसते. मलाही ती घरं प्रिय आहेत आणि ती टिकावीत असं वाटतं. पण पाहुण्याला त्यात झोपवायचं असेल तर अभियंत्यानं ते घर एकदा पाहिलेलं असलंच पाहिजे. हा खर्च गरीब घरमालकाला झेपणार नाही, म्हणून जिल्हा परिषदेच्या अभियंत्याकडून ही तपासणी फुकट करून द्या. भिंतीला कुठं लाकडी पट्टी घालायची, छतावरची माती किती कमी करायची, हे त्यानं सांगावं. नुसतं 'धोकादायक' लिहून निघून जाऊ नये.

आता कागदांकडे वळते. आपल्याकडे नियम नाहीत, असं नाही. ते सतरा ठिकाणी आहेत. माझ्यापुरतं सांगते. जेवण देते म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी केली. मी केली तेव्हा वर्षाला बारा लाखांच्या आत विक्री असेल तर ती वर्षाला शंभर रुपयांत होत असे. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म भरून सरकारला द्यावा लागतो. वेरूळला जपानपासून श्रीलंकेपर्यंतचे लोक येतात, त्यामुळे माझा आता त्यात हात बसला आहे. थोडेच कामगार असलेल्यांना 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं नुसती सूचना द्यावी लागते. 20 लाखांच्या आत उलाढाल म्हणून जीएसटीची नोंदणी नाही, आणि ॲपवरून येणाऱ्या बुकिंगचा जीएसटी ॲपवालाच भरतो. राज्याची निवास-न्याहारी योजना आहे, 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे, पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बायकांसाठी 2023 चं 'आई' धोरण आहे. लेण्यांच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करायचं नाही आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय करायचं नाही, हाही कायदा आहे. प्रत्येक नियम सुटा पाहिला तर शहाणपणाचा आहे. सगळे मिळून एका बाईच्या डोक्यावर ठेवले की ते ओझं होतं.

पहिल्या वर्षी मी 'ना हरकत' मागायला एका कार्यालयात गेले. तिथून दुसरीकडे पाठवलं. दुसरीकडे म्हणाले, लॉजच्या नमुन्यात अर्ज करा. त्यात वाहनतळाचा नकाशा होता, अग्निशमनाचा दाखला होता, स्वागतकक्षाचं क्षेत्रफळ होतं. माझा स्वागतकक्ष म्हणजे सासूबाईंची बाज. सात खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस. आठव्या खेपेला बाहेर एक जण भेटला. त्यानं आकडा सांगितला. मी परत आले.

त्यानंतरचे आठ महिने आम्ही कागदाशिवाय खोल्या दिल्या. पाहुण्यांना सांगायचो, कुणी विचारलं तर नातेवाईक आहोत म्हणा. एकदा गस्तीवरच्या हवालदारानं विचारलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी, ज्या आयुष्यभर माळ घालून राहिल्या, नागपूरच्या एका जोडप्याला 'माझ्या भाचीचे' म्हणून सांगितलं. तो गेल्यावर त्या देवघरात जाऊन बसल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. हे लिहायला मला सोपं जात नाही. पण मराठवाड्यात आज कितीतरी घरी हेच चाललं आहे, आणि खोटं बोलणारी ही माणसं लबाड नाहीत. खरं सांगायला त्यांना जागा नाही. पुढं मी नोंदणी केली, वही ठेवली, पाटी लावली. पण माझ्यासोबत सुरुवात केलेल्या दोन शेजारणींनी नाद सोडला. त्यातली एक आता रोजानं कापूस वेचायला जाते.

घरगुती निवासासाठी अर्ज एकच असावा, एका पानाचा, मराठीत, आणि तो गावातच ग्रामपंचायतीत द्यायचा. पोलीस, आरोग्य, अन्नसुरक्षा, ज्यांना ज्यांना कळवायचं त्यांना ग्रामपंचायतीनं कळवावं. तीस दिवसांत हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण लिहून. तीस दिवसांत काहीच कळलं नाही तर तात्पुरता परवाना मिळालाच असं समजावं. गावठाणातल्या घराला बिनशेतीचा दाखला मागू नये. वीज घरगुती दरानंच राहू द्यावी.

इथं दोन गोष्टींत तुम्ही घसराल अशी मला भीती वाटते, म्हणून आधीच सांगते. एक, शेजाऱ्यांची संमती. बाहेरच्या शहरांत ती चालत असेल. आमच्याकडे शेजारी म्हणजे बहुतेक वेळा भावकी, आणि भावकीत बांधावरून, पडवीवरून, पन्हाळीच्या पाण्यावरून पन्नास वर्षांचे वाद असतात. संमती मागाल तर एकाही घराला परवाना मिळणार नाही. त्याऐवजी शेजाऱ्याला तक्रारीचा हक्क द्या. रात्री दहानंतर आवाज, रस्त्यात लावलेल्या गाड्या, दारू पिऊन गोंधळ, यांपैकी काही घडलं तर त्यानं लिहून द्यावं आणि पंधरा दिवसांत त्याची सुनावणी व्हावी. तीन तक्रारी खऱ्या निघाल्या तर वर्षभर परवाना नाही. हे मला मान्य आहे.

दुसरी गोष्ट नावाची. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत, म्हणजे 'नमुना आठ'वर, आमचं घर अजून माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. वारस सात. ही गोष्ट एकट्या आमची नाही, गावातल्या बहुतेक घरांची हीच गत आहे. पाहुण्यांचं सगळं काम घरातल्या बाया करतात. खोली झाडणं, चादरी धुणं, पहाटे उठून धपाटे थापणं, हिशोब ठेवणं. परवाना मात्र 'मालकाच्या नावे' म्हटलात की तो अशा माणसाच्या नावे निघेल ज्याला खोलीत पंखा कुठल्या बाजूला आहे हे माहीत नाही. मालकी तपासायला माझी ना नाही. पण त्या घरात राहणारी आणि ते काम प्रत्यक्ष करणारी सज्ञान बाई, घरातल्यांच्या संमतीपत्रासह, स्वतःच्या नावे अर्ज करू शकली पाहिजे. 'आई' धोरणातून कर्ज घ्यायला गेलेल्या बाईजवळ तिच्या नावाचा एकही कागद नसेल तर त्या धोरणाचा तिला काय उपयोग?

फीबद्दल फार बोलत नाही. घरपट्टीच्या प्रमाणात ठेवा, दर खोलीमागं ठेवा, जे परवडेल ते. मात्र तो पैसा वेगळ्या खात्यात जमा करा आणि जत्रेच्या संडासांवर, कचऱ्यावर नि पाण्यावरच खर्चा. ग्रामसभेत दरवर्षी तो हिशोब वाचून दाखवा.

दर मात्र दारावर हवाच. ब्रिटिश हिंदुस्थानात 1867 साली सराय कायदा झाला तेव्हाही मुक्कामाच्या जागेचे दर लिहून लावण्याची तरतूद त्यात होती. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, पण उतारू तर तेच होते. श्रावणी सोमवारी सातशेची खोली चार हजारांना जाते आणि लेकराबाळांसह आलेला माणूस एसटी स्टँडवर रात्र काढतो, हे आपल्या दारातलं दृश्य आहे. परवाना क्रमांक, खाटा आणि दर ॲपवरच्या जाहिरातीतही छापणं बंधनकारक करा. ज्या जाहिरातीत क्रमांक नाही ती काढून टाकायला ॲप कंपनीला लेखी कळवा.

आजीबद्दल एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. ती आलेल्याला गाव विचारायची, मग आडनाव विचारायची. काही आडनावांना ढाळजेत जागा मिळायची, काहींना अंगणात, लिंबाखाली. अंगणातल्यांना पाणी वरून ओतून दिलं जायचं. लहानपणी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माझं आजीवर फार प्रेम होतं, अजून आहे. पण हे तिचं चुकलं, आणि ते आमच्या घरात घडलं.

1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायच्या दौऱ्यावर आले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर, दाराजवळच्या हौदावर प्रवासाची धूळ धुवायला त्यांच्यासोबतच्या काही जणांनी हातपाय धुतले, तर हौद बाटवला म्हणून लोक धावून आले. माझ्या घरापासून ती जागा जवळ आहे. माझे निम्मे पाहुणे सकाळी तो किल्ला पाहूनच इकडे येतात. आणि आजही, फोनवर खोली आहे म्हणून सांगितलेलं असतं, आधारकार्ड पाहिल्यावर ती 'आत्ताच भरली' होते. आडनाव पाहून, धर्म पाहून. मला हे पाहुण्यांनीच सांगितलं आहे. एका तरुण जोडप्यानं आमच्या ओट्यावर बसून सांगितलं, तीन घरं फिरून ते आले होते. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपण घर म्हणवतो म्हणून आपल्याला त्यातून सूट मिळायला नको. पैसे घेऊन दार उघडलं की ते सगळ्यांना उघडायचं. परवान्यात ही अट ठळक लिहा आणि हिच्यासाठी तीन तक्रारींची वाट पाहू नका. एक खरी निघाली की परवाना गेला.

हा नियम कडक वाटेल. गावात यावरून माझ्याशी काही जण बोलणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

माझ्याकडे सहा वर्षांच्या पाहुण्यांची वही आहे. कोण आलं, कुठून आलं, किती रात्री राहिलं, पैसे किती घेतले, टाकी किती वेळा भरली, सगळं. नियमांचा मसुदा करायला बसाल तेव्हा ती पाहायची असेल तर घरी या. मंगळवारी लेणी बंद असतात, त्यामुळे सोमवारचे पाहुणे सकाळीच निघतात आणि दिवसभर खोल्या रिकाम्या असतात. टाकी पाहा, शोषखड्डा पाहा, मागच्या भिंतीला एक चीर आहे तीही दाखवते. जेवूनच जा, फक्त आदल्या दिवशी किती माणसं येणार ते कळवा, म्हणजे पाण्याचं बघता येईल.

आपली नम्र,
वेरूळ परिसरातली एक घरमालकीण